किल्ल्यांच्या जुडग्यातली मिरची

पोस्ट लांबलचक आहे, आधीच सांगून ठेवते. चहा ठेवा आणि मग वाचा. घरात दमा असलेलं मूल असेल तर मात्र चहा नंतर, आधी वाचा.

आमची थोरली गेल्या ऑगस्टमध्ये कॉलेजला गेली. लांब नाही, इथेच न्यू जर्सीत, गाडीने सव्वा तास. पण पहिलं मूल घराबाहेर पडतं तेव्हा सव्वा तास काय आणि सात समुद्र काय, आईच्या पोटात सारखाच गोळा येतो. मी सीए. माझी काळजी एक्सेलमध्ये उतरते. चादरी, उशा, एक्स्टेंशन कॉर्ड, कुकरची शिट्टी वाजल्यावर फायर अलार्म वाजेल म्हणून कुकर नको, अशी ती यादी. त्यात ४१ नंबरच्या ओळीत मी टाकलं होतं, पेपर स्प्रे. शेरा: 'कम्पल्सरी'. लेकीने यादी बघून डोळे फिरवले, पण त्या एका ओळीवर तिच्याशी वाद घालायची माझी तयारीच नव्हती.

दुकानात दोनचा जोड होता. किल्लीच्या रिंगला लावायच्या छोट्या डब्या, एक गुलाबी, एक काळी. दोन्ही मिळून चोवीस डॉलर. गुलाबी तिला, काळी मला. कारण जानेवारी ते १५ एप्रिल आमचा सीझन असतो, रात्री साडेनऊच्या ट्रेनने उतरते, आणि स्टेशनच्या पार्किंगच्या दुसऱ्या टोकाचा दिवा गेली दोन वर्षं बंद आहे. नवरा म्हणाला, "वापरता येईल का तुला?" मी म्हटलं, "त्यात काय वापरायचंय, दाबायचं." पाकिटावरचा बारीक अक्षरातला मजकूर मी वाचला नाही. अशिलांचे शंभर पानी करार तळटिपांसकट वाचणारी मी, ते चार इंचांचं पाकीट न वाचता रिसायकलिंगच्या डब्यात टाकलं.

माझं जुडगं दाराजवळच्या हुकाला. तुमच्याही घरी असतील तसलेच हुक, बूट काढायच्या जागेच्या वर, सगळ्यांच्या हाताला येतील असे.

फेब्रुवारीतला शनिवार. बाहेर २२ फॅरनहाइट, खिडक्या घट्ट बंद, हीटिंग सुरू. सासूबाई सांगलीहून आल्या होत्या. सगळ्यांच्या सासवा उन्हाळ्यात येतात, आमच्या आईंना बर्फ बघायचा होता म्हणून त्या थंडीत आल्या. त्या मटार सोलत होत्या. मी डायनिंग टेबलवर कुणाचे तरी कागद पसरून बसले होते. नवरा वर, इंडियाच्या कॉलवर. धाकट्याला, वय वर्षं अकरा, बास्केटबॉलला जायचं होतं. मी म्हटलं, जा, गाडीच्या किल्ल्या घेऊन ये.

तिकडून आवाज आला, "आई, हे फिरतं!" आणि मग एक बारीकसा फुस्स.

पहिली खोकल्या सासूबाई. "अगं, फोडणीत मिरची करपली का गं?" मी म्हटलं, आई, गॅस बंद आहे. आणि तेवढं वाक्य पुरं व्हायच्या आत माझ्याही घशात कुणीतरी खरखरीत काहीतरी खुपसल्यासारखं झालं.

पुढची दहा मिनिटं मी तुम्हाला नीट सांगणार आहे, कारण त्या दहा मिनिटांत मी जे जे केलं त्यातलं बरंचसं चुकीचं होतं. आणि मला खात्री आहे, तुमच्यापैकी बऱ्याच जणी तेच करतील.

त्याने स्प्रे भिंतीकडे धरला होता, फूटभर अंतरावर. भिंतीवरून उडून तोंडावर, हातांवर, हूडीवर. डोळे मिटलेले, उघडतच नव्हते. मी त्याला उचलून बाथरूममध्ये नेलं आणि टॉवेल ओला करून खसाखसा तोंड पुसलं. ही पहिली चूक. तेलकट पदार्थ, तो मी कपाळावरचा डोळ्यात आणि डोळ्यांतला गालावर सारवला. मग कुठेतरी वाचलेलं आठवलं, दूध. फ्रीजमधलं दूध तोंडावर ओतलं. तो रडत होता, नाकातोंडात दूध गेलं, खोकला वाढला. अंगावर तीच हूडी. त्या हूडीची बाही त्याच्या नाकाशी, आणि मी त्याला पोटाशी धरून बसले, म्हणजे तो प्रत्येक श्वासाला तेच आत ओढत होता. आणि घरभर? हुकांच्या बरोबर खाली हीटिंगची हवा परत खेचून घेणारी जाळी आहे. फर्नेसचा पंखा चालू. दोन मिनिटांत वरून नवरा खोकत खाली आला.

खिडकी उघडायचं आम्हा दोन उच्चशिक्षितांना सुचलं नाही. ते केलं सासूबाईंनी. त्यांनी मागचं डेकचं दार उघडलं, पदर नाकाला लावला आणि त्या थंडीत स्वेटरवर जाऊन उभ्या राहिल्या. बाहेरून ओरडल्या, "त्याला बाहेर आण आधी! मिरची कांडायची ती अंगणात, घरात नव्हे!"

बाहेर आणला. तोवर आमचे सगळ्यांचे खोकले उतरायला लागले होते, त्याचा मात्र बदलला. दमेकरी मुलांच्या आयांना तो बदल कळतो. खोकल्याच्या मागून बारीक शिट्टी यायला लागते, आणि गळ्याच्या खाली, दोन हाडांच्या मधली कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जाते. तो चार वर्षांचा असल्यापासून दमा आहे. इन्हेलर दिला, स्पेसर लावून. थोडं बरं, पुन्हा तेच. मी पॉयझन कंट्रोलला फोन लावला. नंबर फ्रीजवर चिकटवलेला होता, तेवढं एक काम मी कधीतरी केलं होतं: १-८००-२२२-१२२२. पलीकडच्या बाईंनी पदार्थ विचारला आणि लगेच पुढचा प्रश्न, "दमा आहे का?" हो म्हटल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, माझ्याशी बोलू नका, ९११ लावा.

ॲम्ब्युलन्स सहा मिनिटांत आली. आलेल्या मुलीने (पंचविशीची असेल, माझ्या लेकीपेक्षा थोडी मोठी) पहिलं काम काय केलं असेल तर त्याची हूडी काढली. डोक्यावरून ओढून नाही, कात्रीने पुढून कापून, म्हणजे कापड तोंडावरून जायला नको. ब्लँकेट गुंडाळलं, नेब्युलायझर लावला. मग मला म्हणाली, "मॅम, तुम्ही लेन्स घालता का?" घालते. डोळ्यांची नुसती आग होत होती म्हणून मी दोन मिनिटांपूर्वीच बोटांनी लेन्स काढायचा प्रयत्न केला होता. त्याच बोटांनी. आता तुम्हीच कल्पना करा.

इमर्जन्सीत चार तास. त्याला नेब्युलायझरचे आणखी डोस, स्टेरॉइड, ऑक्सिजनचा चिमटा बोटाला. माझ्या डोळ्यात पिवळा रंग घालून निळ्या उजेडात बघितलं, बुबुळाला ओरखडा निघाला. मलम आणि आठ दिवस चष्मा. संध्याकाळी सहाला तो पूर्ण वाक्यं बोलायला लागला. पहिलं पूर्ण वाक्य, "ताईला सांगू नको, ती हसेल." मी हसले, आणि मग बाथरूममध्ये जाऊन जे काय करायचं ते केलं.

हिशोब सांगायचा तर बारा डॉलरची डबी. को-पे, ॲम्ब्युलन्सचं बिल, फर्नेसचा फिल्टर, फेकलेला गालिचा हे सगळं वेगळ्या वहीत. ते आकडे मी इथे देत नाही, नवरा हा ग्रुप वाचतो.

त्यानंतरचे दोन आठवडे मी जे केलं त्याला आमच्या भाषेत ऑडिट म्हणतात. घटना घडल्यावर केलेलं, त्यामुळे उशिरा केलेलं, पण केलं. डॉक्टरांना विचारलं, अभ्यास वाचले. मी डॉक्टर नाही, हे लक्षात ठेवून वाचा.

ह्या डबीत असतं काय, तर ओलिओरेझिन कॅप्सिकम, म्हणजे मिरचीचा तेलकट अर्क. त्यातला मुख्य ऐवज कॅप्सेसिन. आपल्या मज्जातंतूंवर उष्णता ओळखणारा एक रिसेप्टर असतो, साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वर गेलं की तो 'भाजतंय' असा निरोप मेंदूला देतो. कॅप्सेसिन नेमका तोच रिसेप्टर उघडतं. म्हणजे कातडी भाजलेली नसते, पण मेंदूला मिळणारा निरोप भाजल्याचाच असतो. हा रिसेप्टर शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं, आर्डेम पातापूटियन यांच्याबरोबर विभागून. आपल्याकडे मिरच्या कांडल्यावर बायका हाताला पाणी नाही, तेल लावायच्या. सासूबाई म्हणतात, त्यात शोधायचं काय होतं? पाण्याने मिरची जात नाही हे खरंच आहे, कॅप्सेसिन तेलात विरघळतं. पण म्हणून डोळ्याजवळ तेल लावायला जाऊ नका. कातडीवर भांड्यांचा साबण किंवा बेबी शॅम्पू, डोळ्यात फक्त भरपूर साधं पाणी, पंधरा-वीस मिनिटं, पापण्या उघडमीट करत. चोळायचं नाही. लेन्स असेल तर ती आधी काढायची, पण काढणारे हात साबणाने धुतलेले हवेत.

दुधाबद्दल: २००८ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात धडधाकट स्वयंसेवकांना चेहऱ्यावर स्प्रे लावून पाच गट केले होते. कुणाला अँटासिड, कुणाला लिडोकेनचं जेल, कुणाला बेबी शॅम्पू, कुणाला दूध, कुणाला नुसतं पाणी. वेदना कमी होण्यात पाचांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. जो काही आराम पडला तो वेळ गेल्यामुळे. सहसा अर्ध्या-पाऊण तासात बराचसा जोर ओसरतो. म्हणजे मी अर्धा गॅलन दूध त्याच्या नाकात घातलं ते उगाच.

आता मुख्य मुद्दा. 'पेपर स्प्रे सुरक्षित असतो का?' ह्या प्रश्नाला जे उत्तर सगळीकडे मिळतं ते असं की हो, तात्पुरता त्रास, कायमचं नुकसान क्वचित. हे खोटं नाही. कॅलिफोर्नियाच्या पॉयझन कंट्रोलकडे २००२ ते २०११ या दहा वर्षांत नोंद झालेल्या साडेतीन हजारांवर प्रकरणांचा अभ्यास झालाय. त्यात वैद्यकीय तपासणीची गरज पडावी असा जास्तीचा त्रास सुमारे ७ टक्के लोकांना झाला होता, डोळे आणि श्वास हे त्यातले मोठे विषय. ७ टक्के ऐकायला कमी वाटतात. पण ऑडिटरला सरासरीवर समाधान मानायची सवय नसते. ती विचारते, हे सात कोण? आणि उत्तर असं की ते कुठलेही सात नसतात. अमेरिकेच्या न्याय विभागाच्या संशोधन संस्थेने २००३ मध्ये एक अहवाल काढला. पोलिसांनी स्प्रे मारल्यानंतर ताब्यात असताना मेलेल्या ६३ लोकांची प्रकरणं त्यात तपासली होती. बहुतेकांत मृत्यूचं कारण दुसरंच होतं, ड्रग्ज, आजार, झटापट. फक्त दोघांच्या बाबतीत स्प्रेचा हातभार लागला असं मत दिलं. दोघांनाही दमा होता.

हे वाचलं त्या रात्री मी धाकट्याच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपले. त्याला सांगितलं, आजी घोरते म्हणून.

बंद जागा हा दुसरा भाग. आपल्या लोकांना एक उदाहरण आठवत असेल. १३ फेब्रुवारी २०१४, लोकसभेत तेलंगणाचं विधेयक मांडलं जात होतं, आणि खासदार एल. राजगोपाल यांनी सभागृहात पेपर स्प्रे मारला. टीव्हीवर तेव्हा आपण सगळे हसलो होतो, खासदार रुमाल तोंडाला लावून पळतायत म्हणून. काही जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. एवढं उंच छताचं सभागृह, तिथे ही गत. आता आपली गाडी घ्या. डॉर्मची दहा बाय बाराची खोली घ्या. लिफ्ट घ्या. लेकीला 'उबरमध्ये काही वाटलं तर मार स्प्रे' असं मीच सांगितलं होतं. उबरमध्ये मारला तर पहिला श्वास तिचाच कोंडला असता.

डबीवरच्या आकड्यांनाही फसू नका. '१० टक्के', '१८ टक्के' असं मोठ्या अक्षरात असतं, तो अर्काचा भाग. अर्क किती तिखट ते त्यातून कळत नाही, जसं दोन चमचे तिखट म्हटल्यावर ते ब्याडगी की लवंगी हे कळत नाही. काही कंपन्या स्कोव्हिलचे लाखांतले आकडे छापतात, ते मोजमाप विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ मध्ये मिरच्यांसाठी काढलं, स्प्रेच्या जाहिरातींसाठी नाही. बघायचा आकडा वेगळा, 'मेजर कॅप्सेसिनॉइड्स' असा, आणि माणसांसाठीच्या स्प्रेमध्ये तो साधारण १.३३ टक्क्यांपर्यंत असतो. अस्वलाचा स्प्रे ही वेगळी वस्तू. डोंगरात हायकिंगला नेलेला तसा मोठा डबा घरी 'असू दे' म्हणून ठेवणारी दोन कुटुंबं मला माहीत आहेत. तो ढग करतो, तीस फुटांवर. घरात कल्पना करा. शिवाय ती डबी म्हणजे दाबाखालचं भांडं. बहुतेकांवर १२० फॅरनहाइटच्या वर ठेवू नका असं लिहिलेलं असतं, आणि जुलैत उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड त्याच्या सहज वर जातो. दोन-चार वर्षांची मुदतही असते. दाब हळूहळू निघून जातो आणि ऐनवेळी पिचकारी पायाशी पडते.

हे सगळं झाल्यावर लेकीला फोन केला. मला वाटलं, सांगावं फेकून दे. तिने सगळं ऐकून घेतलं, भावाची चौकशी केली, आणि मग जरा थांबून म्हणाली, "आई, एक सांगायचं राहिलं होतं."

नोव्हेंबरात, लायब्ररीतून परत येताना, एक माणूस तीन चौक तिच्या मागे होता. ती वळली की तो वळायचा. गुलाबी डबी बॅगेत, किल्ल्यांसकट, तळाशी. हातात मोजे. तिने चालता चालता चाचपून ती काढली, पण मोज्यातून ते झाकण फिरेना. कुठल्या बाजूला फिरवायचं हेही आठवेना, कारण एकदाही फिरवून बघितलं नव्हतं. मग समोर औषधाचं दुकान उघडं दिसलं, ती आत शिरली, काउंटरवरच्या बाईंना सांगितलं, मैत्रिणीला फोन केला, आणि मैत्रीण व तिचा मित्र येईपर्यंत शॅम्पूंच्या रांगेत उभी राहिली.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? अजून एक स्प्रे पाठवला असतास."

मी गप्प. कारण पाठवलाच असता, बहुतेक आणखी मोठा.

मग ती म्हणाली, फेकणार नाही. दुकान उघडं नसतं तर? ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मंडळी, इथे माझं ऑडिट अडतं. मुलाच्या छातीतली शिट्टी मी ऐकलीय, आणि मुलीच्या मागून तीन चौक येणारा माणूसही खरा आहे. दोघांचा ताळेबंद एकाच पानावर जुळत नाही. मी बराच प्रयत्न केला.

शेवटी ठरलं ते तिच्या अटींवर ठरलं. तिची रूममेट दमेकरी आहे, हे तिला सप्टेंबरपासून माहीत होतं आणि मला फेब्रुवारीत कळलं. तर फवाऱ्यासारखा पसरणारा प्रकार बाद, जेल घ्यायचं. ते घट्ट असतं, सरळ जातं, हवेत कमी पसरतं. जेल असलं तरी खोलीत आणि गाडीत नाहीच. बॅगेच्या तळाशी नाही, कोटाच्या बाहेरच्या खिशात. किल्ल्यांच्या जुडग्यापासून वेगळं. आणि सराव. नुसतं पाणी भरलेल्या सरावाच्या डब्या मिळतात, आकार आणि झाकण हुबेहूब. मार्चच्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा मागच्या अंगणात आम्ही दोघी मोजे घालून उभ्या राहिलो. दहा फुटांवर झाडाला कागदाची ताटली. पहिल्या खेपेला वारा समोरून होता आणि सगळं पाणी माझ्या चष्म्यावर. सासूबाई डेकवरून बघत होत्या, म्हणाल्या, "शेणसड्याला बरी आहेस." तिसऱ्या-चौथ्या खेपेला लेकीचा नेम बसला. मला मोजे घालून झाकण अजूनही नीट फिरवता येत नाही, म्हणून मी माझ्यासाठी नवीन घेतलीच नाही. बंद दिव्याबद्दल मात्र तीन पत्रं लिहिली. अजून बंदच आहे. चौथ्या पत्रावर माझ्याबरोबर त्याच ट्रेनने उतरणाऱ्या सात जणांच्या सह्या आहेत, आणि आम्ही आता गाड्यांपर्यंत बरोबर चालतो, तेवढं झालं.

कायद्याचं थोडक्यात, कारण आपण भारतात जाऊन येताना बॅगा भरताना चुकतो. न्यू जर्सीत अठराच्या वर आणि डबी पाऊण औंसापर्यंतची. न्यूयॉर्कमध्ये ऑनलाइन मागवायचं नाही, लायसन्सवाल्या विक्रेत्याकडून किंवा फार्मासिस्टकडून समोर उभं राहून घ्यायचं. कॅलिफोर्नियात अडीच औंसापर्यंत. कॉलेजचे नियम आणखी वेगळे, ते वाचा. हातातल्या बॅगेत विमानात कधीच नाही. अमेरिकेत चेक-इनच्या बॅगेत चार औंसांपर्यंतची एक डबी, चुकून दाबली जाणार नाही असं झाकण असेल तर चालते, पण एअरलाइन नाही म्हणू शकते. आणि ब्रिटनवाल्यांनो, तुमच्याकडे १९६८ च्या फायरआर्म्स ॲक्टखाली हे चक्क बंदी असलेलं शस्त्र आहे, बंदुकांच्याच कायद्यात. कॅनडातही माणसांवर मारायचा स्प्रे बंदी असलेल्या शस्त्रांत येतो. पुण्यात दुकानात सहज मिळतो म्हणून मावशी प्रेमाने भाचीच्या बॅगेत घालते, आणि भाची उतरते हीथ्रोला. मावशीला आधीच सांगून ठेवा.

घर साफ करायला आठवडा गेला. हे तेल आपोआप उडून जात नाही. भिंत, हुक, दाराची मूठ, सगळं हातमोजे घालून भांड्यांच्या साबणाने दोनदा. ज्या टॉवेलने तोंड पुसलं तो मी इतर कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकला होता, त्यामुळे तीन दिवसांनी नवऱ्याने बनियन घातला आणि ओरडत बाहेर आला. ते वेगळं धुवा. माझी काळी डबी कचऱ्यात टाकली नाही. पोलीस स्टेशनला फोन केला, त्यांनी आणून द्या म्हटलं, झिपच्या पिशवीत घालून देऊन आले.

महिनाभर सासूबाईंनी घरात ठेचा केला नाही. नातू 'आजी, ठेचा' म्हणून मागे लागला तरी नाही. फोडणीत लाल मिरचीसुद्धा नाही, नुसती मोहरी-हिंग. त्यांनी मला एका शब्दाने बोललं नाही, पण रोजचं फिकं वरण जेवताना मला कळत होतं.

लेक सुट्टीत आली तेव्हा दारातच धाकटा दोन पावलं मागे सरकला. बहिणीला नाही, तिच्या कोटाच्या खिशाला. तिने काही न बोलता जेलची डबी काढून आजीच्या हातात दिली. सासूबाईंनी ती जुन्या इनोच्या डब्यात घातली, वरच्या फळीवर, आणि डब्यावर कागद चिकटवून स्केचपेनने लिहिलं. इंग्रजीत लिहा म्हटलं तर म्हणाल्या, मला येतं त्यात लिहिते, वाचणारा शिकेल.

दोन वर्षं मराठी शाळेला नको नको म्हणणारा आमचा मुलगा खुर्चीवर चढून, नाकाला हात लावून, एकेक अक्षर जोडत वाचत होता. "मि… र… ची. हा… त. ला…" आणि मान वळवून, "आजी, हे 'वू' आहे का?"